खांदशेकणी

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे एक काम आलं. एका कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांसाठी तयार केलेली इंग्रजी पुस्तिका मराठीत आणि हिंदीत करून द्यायची होती. विषय असा की, आपल्या हाताखालच्या माणसांनी चांगलं काम केलं तर प्रमुखाने ते यश साजरं कसं करावं, त्यांची कदर कशी करावी. अशी कामं मी नाकारत नाही. कवितांच्या अनुवादावर घर चालत नाही. ते चालतं पुस्तिका, करारनामे आणि औषधांच्या खोक्यातल्या पत्रकांवर.

पण पहिल्याच पानावर अडले. शब्द होता 'रेकग्निशन'. कोशात ओळख, मान्यता, दखल, गौरव, कदर असे पर्याय आहेत, आणि त्यांतला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. मान्यता शाळेला मिळते, संघटनेला मिळते. गौरव व्यासपीठावर होतो. ओळख असते किंवा नसते. ती कुणी 'देऊ' लागलं की त्याला उपकाराचा वास येतो. दखल हा शब्द मला जवळचा वाटला, पण मी हिंदीच्या मुलखात राहते. तिथे दखल घेत नाहीत, देतात. आणि दखल देणं म्हणजे नाक खुपसणं. मूळ अरबी शब्दाचा अर्थ आत शिरणं. मराठीने त्यातून लक्ष देणं घेतलं आणि हिंदीने लुडबूड. दोन्ही भाषांचं चूक नाही. दुसऱ्याच्या कामात शिरल्याशिवाय त्याकडे लक्ष देता येत नाही, आणि शिरलं की लुडबूड होण्याची भीती असतेच.

मी पुस्तिका मिटली आणि बाजारात गेले.

भिलाईच्या मोहन नगरात आमचं घर आहे. पोळ्याच्या सुमारास इथल्या रस्त्यांवर मातीचे बैल विकायला येतात, पायांना मातीचीच चाकं लावलेले. छत्तीसगढीत या सणाला पोरा म्हणतात. घरोघर ठेठरी आणि खुरमी होते, मुलं दोरीने बैल ओढत गल्लीभर फिरतात. आम्ही मराठी माणसं म्हणतो श्रावणातली अमावस्या, शेजारी म्हणतात भादोंची. आमचा महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, म्हणून एकाच दिवसाला दोन महिने. बैल मात्र तोच.

बाबांचं गाव भंडारा जिल्ह्यातलं. त्यांच्या लहानपणी घरी बैलजोडी होती. पोळ्याचं नाव निघालं की ते पोळ्याबद्दल फारसं बोलत नाहीत, आदल्या दिवसाबद्दल बोलतात. त्या दिवशी खांदशेकणी असते. बैलाला धुवायचं, आणि वर्षभर जू वाहून जिथे घट्टे पडलेत त्या खांद्याला तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानांनी शेकायचं. मग उद्या जेवायला या, असं आमंत्रण त्याला द्यायचं. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा, वाजतगाजत मिरवणूक हे सगळं दुसऱ्या दिवशी. आजोबा म्हणे खांदा शेकताना कुणाशी बोलत नसत. हात फिरवताना त्यांना कळायचं की डाव्या बैलाचा घट्टा या वर्षी वाढलाय, म्हणजे तो जास्त ओढतोय. मग नांगरटीच्या वेळी ते जोडीची बाजू बदलायचे.

मला या क्रमात काहीतरी फार शहाणपणाचं दिसतं. आधी खांदा, मग झूल. आधी दुखतं कुठे ते हाताने पाहायचं, मग मिरवायचं. माझ्या हातातल्या पुस्तिकेत झुलीबद्दल पानंच्या पानं होती. केक कधी कापावा, प्रशस्तिपत्रावर सही कुणाची असावी, महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी कसा निवडावा, सगळं होतं. खांद्याबद्दल एक ओळ नव्हती.

बाबा भिलाईतल्या एका छोट्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. दर वर्षी 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा व्हायची. यंत्रं बंद ठेवून पुसायची, त्यांना कुंकू-फुलं वाहायची, मग मिठाईचे डबे आणि सत्कार. एका वर्षी बाबांचाही झाला. शाल, श्रीफळ आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. आमच्या आडनावात 'ळ' आहे. प्रमाणपत्रावर 'ल' होता. इथे तो नेहमीच 'ल' होतो. हिंदीच्या सरावाच्या अक्षरांत 'ळ' नाही, त्यामुळे कुणाचा दोष काढावा अशी ती गोष्ट नव्हे. पण तीस वर्षं हजेरीपटावर बाबा स्वतःच्या हाताने 'ळ' लिहून सही करत होते. ते प्रमाणपत्र त्यांनी भिंतीवर लावलं नाही. ट्रंकेत ठेवलं. शाल आईने वापरून फाडली.

याच कारखान्यातली दुसरी एक गोष्ट मात्र मी शेकडो वेळा ऐकली आहे. एक गिअरबॉक्स कुरकुरत होता आणि दोष सापडत नव्हता. बाबांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एका बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग दुसऱ्या बेअरिंगवर, मग तिसऱ्यावर. तिसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हे. उघडलं तर तेच निघालं. हा उपाय काही बाबांचा शोध नव्हता, जुने फिटर असंच करतात. पण त्या दिवशी फोरमन तिथे उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, ये कैसे किया? एक बार फिर दिखाओ." त्याने स्क्रू ड्रायव्हर स्वतःच्या कानाला लावला आणि बाबांनी त्याला चांगल्या बेअरिंगचा आवाज आणि खराब बेअरिंगचा आवाज यांतला फरक ऐकवला. बस, एवढंच. ना टाळ्या, ना शाल. बाबांना ऐकू कमी येतं आता, पण ही गोष्ट सांगताना ते अजून मूठ कानाशी नेतात.

मी बराच काळ समजत होते की बाबांना साधेपणा आवडतो, म्हणून समारंभापेक्षा हा प्रसंग लक्षात राहिला. तसं नाही. बाबांना समारंभ आवडतात. लग्नात पहिल्या पंगतीचा मान मिळाला नाही तर ते दोन दिवस गप्प असतात. फरक वेगळा आहे. प्रमाणपत्र देणाऱ्याला बाबांनी काय केलं हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. फोरमनला ते जाणून घ्यायचं होतं.

इथे मला माझा शब्द सापडला असं वाटलं: कौतुक. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, उत्सुकता. हिंदीत तो शब्द तमाशा, अचंबा या अर्थाकडे गेला. मराठीत तो मायेच्या प्रशंसेकडे आला. आपण मुलाचं कौतुक करतो, सुनेचं कौतुक करतो. पण जुना अर्थ आतून पुसला गेलेला नाही. ज्याच्याबद्दल कुतूहल नाही त्याचं कौतुक करता येत नाही. करता येते ती स्तुती, आणि स्तुती न पाहताही करता येते. 'शाबास' हाही शब्द पाहा. फारसीतल्या 'शाद बाश'चा तो मराठी अवतार, अर्थ एवढाच की खूश राहा. तो आशीर्वाद आहे. वाटेने जाणाऱ्या कुणालाही देता येतो. कौतुक करायचं तर थांबावं लागतं.

इथवर मी फोरमनच्या बाजूला उभी राहून लिहिते आहे. ते सोपं आहे. आता मी प्रमाणपत्र वाटणाऱ्याच्या जागी होते ती गोष्ट सांगायला हवी.

काही वर्षांपूर्वी छत्तीसगढी कथांचा एक संग्रह मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं. आम्ही पाच जण होतो, मी संपादक. त्यात एक मुलगी होती, नुकती एम. ए. झालेली, सगळ्यांत लहान. एका कथेत आई कामावर निघण्यापूर्वी 'बासी' खाते. बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खायचा. छत्तीसगढमध्ये ते उन्हाळ्यातलं रोजचं आणि प्रेमाचं अन्न आहे. मराठीत सरळ 'शिळा भात' लिहिलं तर वाचक त्या आईची कीव करतो, आणि कथेत कीव कुठेच नाही. कच्च्या खर्ड्यात तीन वेळा शिळा भात आला, तीन वेळा मी तो लाल केला. शेवटच्या खर्ड्यात ते वाक्य बदलून आलं. 'बासी' तसाच ठेवला होता, आणि त्याच्या आधी आई रात्री झोपताना उरलेल्या भातात पाणी घालून वर ताटली झाकते, अशी मूळ कथेत पुढे असलेली ओळ अलगद अलीकडे आणली होती. टीप नाही, कंस नाही. वाचकाला बासी कळते आणि कीव येत नाही.

प्रकाशनाच्या दिवशी मी भाषणात या वाक्याबद्दल बोलले. अनुवाद म्हणजे काय ते या एका वाक्यात दिसतं, असं म्हटलं आणि आमच्यातल्या सर्वांत अनुभवी अनुवादकाचं नाव घेतलं. माझी खात्री होती की हे त्यांनीच केलं असणार. ते खाली मान घालून हसले. कदाचित त्यांना वाटलं असेल की मी त्यांच्या एकूण कामाबद्दल बोलतेय. टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्या मुलीनेही वाजवल्या. मग मी 'संपूर्ण टीमचे' आभार मानले आणि पाचही जणांना एकसारखा गुच्छ दिला.

सात-आठ महिन्यांनी जुनी फाइल शोधताना तो खर्डा उघडला गेला. समासात त्या बदलाशेजारी तिच्या नावाची आद्याक्षरं होती, आणि खाली एक लहानशी नोंद: 'ताई, ओळ वर घेतली आहे, चालेल का?' मी तिला उत्तर दिलं नव्हतं. फक्त लाल खूण काढून टाकली होती.

मी फोन केला, माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या ना ताई, पुस्तक तर चांगलं झालं." पुढच्या संग्रहासाठी विचारलं तेव्हा तिने वेळ नाही सांगितलं. खरंच नसेल. पण मला ठाऊक आहे की माझं स्वतःचं नाव एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून गाळलं गेलं होतं तेव्हा मीही त्या प्रकाशकाला हेच म्हणाले होते. वेळ नाही. ज्या दुखण्यावर मी वर्षानुवर्षं तक्रार केली, तेच मी दुसऱ्याला दिलं, आणि देताना माझ्या हातात माईक आणि फुलं होती.

तेव्हापासून मला प्रमुख कसा असावा हा प्रश्न पुस्तिकेतला राहिलेला नाही.

अशा पुस्तिकांत हमखास येणारी एक गोष्ट या पुस्तिकेतही होती. 10 ऑगस्ट 1979 रोजी एसएलव्ही-3 चं पहिलं उड्डाण फसलं, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले आणि अपयश त्यांनी अंगावर घेतलं. 18 जुलै 1980 रोजी उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा त्यांनी प्रकल्प संचालक अब्दुल कलाम यांना पुढे केलं. कलाम ही गोष्ट जन्मभर सांगत राहिले. ती खरीच मोठी आहे. पण ती एका नावापाशी थांबते. दोषाच्या वेळी पुढे आणि मानाच्या वेळी मागे, हे प्रमुखाने शिकायचं पहिलं पाऊल झालं. मागे सरकून मोकळ्या केलेल्या जागेत कोण कोण उभं राहणार, हा पुढचा प्रश्न आहे.

त्या प्रश्नासाठी मला राहुल द्रविड आठवतात. इंदूरमध्ये जन्मलेला, बंगळुरात वाढलेला मराठी घरातला हा माणूस; म्हणजे आमच्यासारखाच, महाराष्ट्राबाहेरचा. 3 फेब्रुवारी 2018 रोजी भारताच्या 19 वर्षांखालील संघाने न्यूझीलंडमध्ये विश्वचषक जिंकला. द्रविड मुख्य प्रशिक्षक होते. क्रिकेट मंडळाने बक्षिसं जाहीर केली: द्रविड यांना 50 लाख, खेळाडूंना प्रत्येकी 30 लाख, बाकी सहायकांना प्रत्येकी 20 लाख. द्रविड यांना हा फरक पटला नाही आणि त्यांनी तसं मंडळाला कळवलं. शेवटी सगळ्या सहायकांची आणि त्यांची स्वतःची रक्कम सारखीच, 25 लाख, ठरली. त्यात गोलंदाजीचे प्रशिक्षक पारस म्हांब्रे आणि क्षेत्ररक्षणाचे अभय शर्मा होते, तसे मालिश करणारे मंगेश गायकवाड आणि चित्रफितींचं विश्लेषण करणारे देवराज राऊतही होते.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. विश्वचषकाला प्रत्यक्ष न गेलेल्या, पण त्याआधीच्या वर्षभरात या मुलांवर मेहनत घेतलेल्या लोकांचाही यादीत समावेश झाला. त्यांत राजेश सावंत होते. या संघाचे ट्रेनर. जानेवारी 2017 मध्ये, विश्वचषकाच्या वर्षभर आधी, संघासोबत काम करत असतानाच त्यांचं निधन झालं होतं. त्यांच्या कुटुंबालाही तेवढीच रक्कम मिळाली. विजयाच्या छायाचित्रात सावंत नाहीत, असणं शक्यच नव्हतं. कुणीतरी छायाचित्राच्या बाहेर पाहिलं. 'टीम' म्हणजे कॅमेऱ्यात मावतात ते, अशी व्याख्या आपण न बोलता मान्य केलेली असते. तिथे टीमची हद्द कॅमेऱ्याने नाही, कामाने आखली गेली. 2024 मध्ये टी-20 विश्वचषकानंतरही, आपल्याला देऊ केलेली जादा रक्कम न घेता इतर प्रशिक्षकांएवढीच रक्कम द्रविड यांनी घेतल्याच्या बातम्या आल्या.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो मी स्वतःवरच घेतला. मीही पाच जणांना एकसारखा गुच्छ दिला होता. समानता ती होतीच की. मग माझं चुकलं काय? मला वाटतं, पैसा आणि शब्द यांचे नियम उलटे आहेत. पैसा सारखा वाटला तर तो न्यायाकडे जातो, कारण कुणाचा खांदा किती झिजला याचं वजन करणारा तराजू कुणाकडेच नाही. शब्द सारखे वाटले तर ते पोकळ होतात. 'सगळ्यांनी खूप मेहनत घेतली' हे वाक्य खरं असूनही कुणालाच लागू होत नाही. शब्द ज्याचे त्यालाच द्यावे लागतात, मोजूनमापून, आणि त्यासाठी आधी पाहिलेलं असावं लागतं. मी नेमकं उलट केलं. नेमके शब्द काढले, पण पाहिल्यावाचून, म्हणून ते चुकीच्या दारात गेले.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि तो आपल्या रक्तात आहे. काम करावं, फळाची आस धरू नये. खऱ्या कामाला कौतुक कशाला लागतं? मी हे वाक्य अनेक मुखांतून ऐकलं आहे, आणि लक्षात आलं ते असं की बोलणारा बहुधा खुर्चीवर असतो आणि ऐकणारा उभा. निष्काम कर्म हा स्वतःला घालून घेण्याचा नियम आहे. तो दुसऱ्याला घालू लागलं की त्याचं नाव काटकसर. बाबा काही प्रशंसेसाठी बेअरिंग ऐकत नव्हते. पण म्हणून फोरमनचं काम संपत नव्हतं.

ज्या शहरात बसून मी हे लिहिते त्याला मानसन्मान नवे नाहीत. 1955 सालच्या भारत-सोव्हिएत कराराने हा पोलाद कारखाना उभा राहिला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. देशातल्या सर्वोत्तम एकात्मिक पोलाद कारखान्यासाठीचा पंतप्रधान करंडक भिलाईने अकरा वेळा मिळवला. इथले रूळ देशभर पसरले आहेत. त्या सुरुवातीच्या वर्षांचा विचार करताना मला, धंद्यामुळे असेल, दुभाषे आठवतात. रशियन तज्ज्ञ आणि इथले कामगार यांच्या मधोमध ते उभे असत. भट्टीच्या आवाजात वाल्व्ह, दाब, थांबा, आता, हे शब्द इकडून तिकडे नेत. एक शब्द चुकला तर कुणाचा हात जाऊ शकत होता. करंडकावर त्यांची नावं कोरावीत असं मी म्हणत नाही. करंडक लहान असतो. पण कुणाच्या तरी तोंडात ती असावीत.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून आणतात आणि सर्वांत छान सजवलेल्या बैलाला बक्षीस मिळतं. मला लहानपणी तो फार आवडायचा, आजही आवडतो. मुलांसाठी तो ठीकच आहे. लाकडी बैलाचा खांदा दुखत नाही. मोठ्यांनी मात्र वर्षभर तान्हा पोळाच करत राहू नये, एवढंच.

पुस्तिका मी वेळेवर पूर्ण केली. 'रेकग्निशन'ला एकच शब्द ठेवला नाही. जिथे पाहण्याबद्दल होतं तिथे दखल, जिथे विचारण्याबद्दल होतं तिथे कौतुक, जिथे हारतुऱ्यांबद्दल होतं तिथे सत्कार. कंपनीकडून विचारणा आली की एका इंग्रजी शब्दाला तीन शब्द का. मी लिहिलं, मराठीत ती तीन कामं आहेत. त्यांनी मान्य केलं.

कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती या उन्हाळ्यात निघाली. आभाराचं पान मी नव्याने लिहिलं. कुणी कोणती कथा केली, कुणी कुठली अडचण सोडवली, मुद्रितं कुणी तपासली, सगळं नावानिशी. 'बासी'च्या वाक्यापुढे तिचं नाव आहे, आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रकाशनात मी चुकीचं नाव घेतलं होतं हेही तिथे लिहिलं आहे. छापायला देण्यापूर्वी पाचही नावं ज्याच्या त्याच्याकडून तपासून घेतली, ऱ्हस्व-दीर्घासकट. तिने नुसतं 'बरोबर आहे' असं कळवलं.

पुस्तकाच्या दोन प्रती तिला टपालाने पाठवल्या. पोच आली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.